स्टुलावरून न पडलेली बाई

आमच्या नात्यात लग्न असो, बारसं असो की वर्षश्राद्ध, जेवणं उरकली आणि बायका पाय पसरून बसल्या की मला हाक येते. "आता गोष्ट होऊ द्या." मी बालवाडीत शिकवते. सकाळी शाळेत ससा-कासव आणि संध्याकाळी नातेवाईक, असा माझा दोन पाळ्यांचा धंदा. पन्नाशी उलटली, गुडघे बोलायला लागले, तरी मागणी कमी झाली नाही. याचं कारण सोपं आहे. माझ्या सगळ्या गोष्टींत वेडी मीच असते. दुसऱ्याला वेडं केलं की भांडण होतं, स्वतःला केलं की पुढच्या वेळी पुन्हा जेवायला बोलावतात.

सर्वांत जास्त चाललेली गोष्ट स्टुलाची. पाहुणे जेवायला बसलेत, पापडांचा डबा स्वयंपाकघराच्या माळ्यावर. मी, म्हणजे तेव्हाही चांगलंच वजन असलेली बाई, स्टुलावर चढते. डबा हाताला लागतो, झाकण निसटतं, स्टूल सरकतं. मी माळ्याच्या कडेला वटवाघळासारखी लटकलेली आणि वरून उडदाच्या पापडांचा पाऊस. तेवढ्यात नवरा दारात येतो, वर बघतो आणि विचारतो, "पापड भाजणार आहेस की तळणार?" मग मी धाडकन खाली आणि हात मोडलेला. इथे बायका डोळे पुसायच्या. कुणीतरी म्हणायचं, "बाई गं, पोट दुखलं."

गोष्ट चांगली होती. तिच्यात एवढंच होतं की मी स्टुलावरून पडले नव्हते.

त्या दिवशी पाहुणे होते, हे खरं. नवऱ्याच्या कार्यालयातले साहेब आणि आणखी दोघं सपत्नीक. नवरा मोठा बोलका माणूस. कॉलनीच्या गणपतीची वर्गणी त्याच्याशिवाय जमायची नाही, कुणाचा दवाखाना असला की पहिला हा हजर. जेवताना तो त्र्यंबकच्या रस्त्यावर गाडी बंद पडल्याचा किस्सा सांगत होता. शेवटाला येऊन तो अडखळला, नेहमी अडखळायचा, आणि मी वाढता वाढता तो शेवट सांगून टाकला. सगळे हसले. साहेब म्हणाले, "अहो, किस्से वहिनींनाच सांगू देत जा." तोही हसला. पाहुण्यांना खालपर्यंत सोडून आला. मी ओटा पुसत होते. त्याने माझा उजवा हात मनगटाच्या वर धरला आणि ओलं फडकं पिळावं तसा पिळला. तोंडाने एक शब्द नाही.

रिक्षात बसल्यावर मात्र बोलला. "दवाखान्यात काय सांगणार आहेस?"

आणि मी काय केलं, तर विचार करायला लागले. हात मांडीवर, दुखण्याने दात वाजतायत, आणि डोकं मात्र कामाला लागलेलं. नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला मला स्टूल सुचलं. द्वारका चौकापर्यंत पापडही आले. डॉक्टरांसमोर मी ती गोष्ट इतकी छान सांगितली की प्लास्टर लावणारा मुलगा हसला. नवऱ्याला गोष्ट फार आवडली. त्यानंतर घरात कुणीही आलं की जेवणानंतर तोच म्हणायचा, "अगं, ती स्टुलाची सांग की." आणि मी सांगायचे. त्याच्याकडे बघून, हसत.

हात जुळला तो वाकडाच. तळवा पुरता वर वळत नाही. बालवाडीत 'हात गोल फिरवा' असं गाणं घेते तेव्हा माझा हात अर्ध्यावर थांबतो आणि पोरं बाईंचं बघून अर्धाच फिरवतात. पंचवटीतल्या पोरांच्या कित्येक बॅचेस अशा अर्ध्या गोलात मोठ्या झाल्या आहेत. एका आईने मला विचारलंही, "बाई, ही नवीन पद्धत आहे का?" मी म्हटलं, "हो."

पुढची वर्षं सविस्तर सांगत नाही. मूलबाळ झालं नाही, त्यावरूनही बोलणी ऐकली, मार खाल्ला. बाथरूमची फरशी झाली, कपाटाचं दार झालं, गॅलरीचा उंबरठा झाला. एका संध्याकाळी मी डोळ्यावर बर्फ धरून पलंगावर बसले होते आणि सवयीने उद्या शाळेत काय सांगायचं ते जुळवत होते. कपाट? वापरलं. दार? तेही वापरलं. टेबलाचा कोपरा? तो तर दोनदा. घरातलं सगळं फर्निचर वापरून झालं होतं. माणसं घर सोडतात त्याची फार मोठी कारणं ऐकली आहेत मी. माझं फर्निचर संपलं म्हणून मी बाहेर पडले. दोन पिशव्या घेतल्या आणि शाळेजवळ एका मैत्रिणीच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला गेले.

*

वकीलबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. केस घट्ट बांधलेले, टेबलावर कागद काटकोनात. हसत नाहीत. पहिल्या भेटीत मी त्यांना आठ-दहा प्रसंग सांगितले, माझ्या पद्धतीने, हातवारे करून. संपल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही फार छान सांगता."

मी खूश.

"हे कोर्टात असं सांगितलंत तर आपण हरलो."

मग त्यांनी समजावलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली राहायला जागा मागता येते, पोटगी मागता येते, आणि वेगळी नुकसानभरपाईसुद्धा मागता येते. शरीराला आणि मनाला जो त्रास झाला त्याची. जागा माझी मी शोधली होती. पोटही माझ्या पगारात कसंबसं भरत होतं. मी विचारलं, "भरपाई द्यायची तर आधी कोर्टाला म्हणावं लागेल ना, की हे झालं?"

"सिद्ध झालं तर म्हणेल."

"त्यानं हात मोडला, असं लिहील?"

"सिद्ध झालं तर," त्या पुन्हा म्हणाल्या.

"मग तेच मागू."

अर्ज झाला. त्यात मी 'पीडित महिला' आणि तो 'सामनेवाला'. लग्नाआधी तो आमच्या घरी 'स्थळ' होता, लग्नानंतर 'अहो' झाला, आणि आता सामनेवाला. तिन्हींत मला हे शेवटचं सगळ्यात मोकळं वाटलं. निदान कुठे उभा आहे ते तरी कळतं. 'पीडित' मात्र पचेना. मला वाटायचं आपण ग्रहणातला चंद्र आहोत आणि खाली लोक दानधर्म करतायत. वकीलबाईंना म्हटलं, दुसरा शब्द नाही का? त्या म्हणाल्या, "कायद्यात नाही."

धाकटा भाऊ देवळ्याहून आला. त्याची कांद्याची शेती आहे, ट्रॅक्टर आहे, आवाज आहे. माझ्या खोलीत त्याला पाय लांब करायला जागा नव्हती म्हणून गच्चीवर बसलो.

"ताई, तुला पैसा पाहिजे तर माझ्याकडं माग ना. मी काय मेलोय?"

"तू कशाला देशील? तू काय केलंयस?"

"मग पोटगी घे अन् मोकळी हो. तेवढं लोक समजून घेतात. भरपाई म्हणजे काय? हात मोडला तर हाताचा भाव लावायचा? मार्केटात बसलोय का आपण?"

"भाव मी नाही लावत. कोर्ट लावेल."

"अन् नाही लावला तर? उलटं लिहिलं, की ही बाई खोटारडी हाय, मग? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू तर गोष्टी सांगतीस गं. तुझं कोण खरं धरील?"

हे मात्र वर्मी बसलं, कारण खरं होतं. आईचा फोन त्याच्या खिशातच वाजला. ती त्याच्याकडेच राहते, ऐकायला कमी येतं म्हणून ओरडून बोलते. "तुले काय कमी शे वं? घर ये ना," एवढं अहिराणीत ओरडून तिने फोन ठेवून दिला. आमच्याकडे माया अशीच करतात.

*

साक्षीसाठी प्रतिज्ञापत्र तयार करायचं होतं. वकीलबाईंनी मला घरचा अभ्यास दिला: प्रत्येक प्रसंग चार ओळींत. कुठे, काय झालं, कुणी केलं, मग काय. उपमा नको, आवाज नकोत, लोक काय म्हणाले ते नको. मी पहिला प्रसंग लिहून नेला. त्यांनी लाल पेनाने 'फडकं पिळावं तसा' खोडलं.

"हे खरं आहे पण," मी म्हटलं.

"असेल. पण समोरचे वकील विचारतील, तुम्ही फडकं रोज पिळता का, किती जोरात पिळता, मग हात कसा मोडेल? तुम्ही फडक्यात अडकाल. हात धरला, पिळला, मोडला. बास."

मी आयुष्यात इतकी वाईट गोष्ट लिहिली नव्हती. हात धरला. पिळला. मोडला. ना हसू, ना उत्सुकता. बालवाडीत सांगितली असती तर पोरं उठून घसरगुंडीवर गेली असती. घरी येऊन मी ते चार ओळींचं पान वाचलं आणि पहिल्यांदा मला त्या हाताचं रडू आलं. इतकी वर्षं पापड मध्ये येत होते.

अडचण एवढीच होती की जगात सगळीकडे स्टूलच होतं. दवाखान्याच्या कागदावर 'स्टुलावरून पडल्याने', माझ्याच तोंडचं. त्या वेळच्या डॉक्टरांनी कोर्टात प्रामाणिकपणे सांगितलं की असं हाड पिळल्याने मोडू शकतं, आणि वेडंवाकडं पडल्यानेही मोडू शकतं. शेजारी, नातेवाईक, शाळेतल्या बाया, सगळ्यांनी स्टूल ऐकलेलं. माझ्या बाजूला मी, आणि माझ्या विरुद्धही मीच.

माझ्या उलटतपासणीला समोरचे वकील उभे राहिले. वयस्कर, गोड बोलणारे.

"बाई, तुम्ही बालवाडीत गोष्टी सांगता?"

"हो."

"त्या खऱ्या असतात?"

"ससा बोलतो त्यात."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. वकीलबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले.

"नातेवाइकांतही तुम्ही रचून गोष्टी सांगता, लोकांना हसवता. बरोबर?"

"बरोबर."

"स्टुलावरून पडून हात मोडला, हे तुम्ही स्वतः शेकडो लोकांना सांगितलंत."

"सांगितलं."

"मग आता आम्ही काय समजायचं? स्टुलाची गोष्ट रचलेली, की ही आजची?"

'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलायचं, हे वकीलबाईंनी मला इतकं घोकून घेतलं होतं की मी तोंड उघडून तशीच उभी राहिले. या प्रश्नाला हो पण लागू नव्हतं आणि नाही पण. मग म्हटलं, "साहेब, रचलेली गोष्ट चांगली असते. स्टुलाची बघा, सगळे हसतात. आजची किती कंटाळवाणी आहे. मला रचायची असती तर मी अशी रचली असती का?"

न्यायाधीश खाली बघून कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मग त्यांनी मला हात कसा धरला होता ते विचारलं. मी माझ्या डाव्या हाताने उजवा धरून दाखवला. त्यांनी टायपिस्टला सांगितलं, "साक्षीदार डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात मनगटाच्या वर धरून, बाहेरच्या बाजूला पिळून दाखवते." टायपिस्टने ते जसंच्या तसं टाइप केलं. माझे हातवारे आयुष्यात पहिल्यांदा सरकारी झाले.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "पुन्हा असं करू नका." आणि दोन पावलं गेल्यावर, मागे न बघता, "पण ठीक होतं."

*

सामनेवाल्याने साक्षीला बहिणीला आणलं. माझी नणंद. मनमाडला असते, नवरा रेल्वेत. माझ्यापेक्षा बरीच लहान; लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा तिच्या वेण्या मी घालत असे. माझ्या गोष्टींची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. दर उन्हाळ्यात वाळवणाला ती मनमाडहून यायची, आम्ही गच्चीवर कुरडया घालायचो, आणि माझं तोंड चालू राहावं म्हणून माझ्या वाटणीच्या कुरडयाही तीच घालायची.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी दुसऱ्या टोकाला. मला वाटलं होतं राग येईल. आला नाही, ती फार बारीक झालेली दिसली. थोड्या वेळाने ती उठली, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याजवळ आली.

"वहिनी, पाणी हाय का?"

मी बाटली दिली. तिने प्यायलं, झाकण लावलं, बाटली माझ्या पिशवीत परत ठेवली आणि पुन्हा भिंतीकडे जाऊन बसली.

साक्षीच्या पिंजऱ्यात ती पदर घट्ट धरून उभी राहिली. तिच्या प्रतिज्ञापत्रात होतं की वहिनीने स्वतः सर्वांसमोर अनेकदा सांगितलं, की ती पापड काढताना स्टुलावरून पडली. वहिनी हसतखेळत होती. दादाने कधी हात उगारलेला मी पाहिला नाही. समोरचे वकील समाधानाने बसले. त्यांच्या मागे सामनेवाला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कुणाच्या तरी मुंजीला आल्यासारखा.

वकीलबाई उठल्या. मला वाटलं आता नणंदेला खोटं पाडतील. तिला पिंजऱ्यात रडताना मला बघायचं नव्हतं. पण त्यांनी फार मऊ आवाजात विचारलं, "स्टुलाची गोष्ट तुम्ही बऱ्याचदा ऐकली आहे?"

"लय वेळा."

"वहिनी गोष्टी छान सांगतात?"

"हो." ती किंचित हसली. "लय छान."

"ही स्टुलाची गोष्ट त्या कधी सांगायच्या? म्हणजे, आपणहून सुरू करायच्या?"

"नाही, दादा म्हणायचा. जेवणं झाली की दादा म्हणायचा, ती स्टुलाची सांग. मग सांगायची."

"प्रत्येक वेळी दादा म्हणायचे?"

"हो."

समोरच्या वकिलांनी मान वर केली. वकीलबाई कागद बघत होत्या, जणू पुढचा प्रश्न सापडत नाही.

"दादा घरात नसताना त्यांनी ही गोष्ट कधी सांगितली?"

नणंद विचारात पडली. मला माहीत आहे ती कशी विचार करते, खालचा ओठ दातात धरते. तिला प्रश्नाचं टोक दिसलं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तिला फक्त एक जुना दिवस आठवला होता.

"नाही. एकदा वाळवणाला मीच म्हटलं होतं, वहिनी, ती स्टुलाची सांग ना. दादा तेव्हा बाहेरगावी गेलेला. बाकीच्या सगळ्या सांगितल्या तिनं, ती नाही सांगितली." ती थांबली. "म्हणाली, तुझा दादा घरी नाही ना, आज त्या गोष्टीला सुट्टी आहे."

मी हे बोलले होते? मला आठवतच नव्हतं. मी गोष्टी सांगते, माझ्या तोंडून दिवसभर काहीबाही सांडत असतं, ते कोण लक्षात ठेवतं. तिने ठेवलं होतं.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. नणंदेने पुन्हा सांगितलं. पदर तोंडाला लावून ती माझ्याकडे बघत राहिली, सरळ माझ्याकडे, भावाकडे नाही. न्यायाधीशांनी सावकाश टाइप करायला सांगितलं. टायपिस्टने एकदा मान वर करून विचारलं, "सुट्टी, सर?" ते म्हणाले, "सुट्टी. त्यांचेच शब्द."

समोरच्या वकिलांनी फेरतपासणी मागितली, चार प्रश्न विचारले. ती सगळ्याला "आठवत नाही" म्हणाली.

बाहेर ती झपझप माझ्या बाजूने गेली. जाता जाता म्हणाली, "मी खोटं नाही बोलले हं, वहिनी." कुणाच्या बाजूने बोलली, ते मात्र म्हणाली नाही. तिला मनमाडची गाडी पकडायची होती.

*

पुढच्या तारखेला समोरचे वकील व्हरांड्यात आमच्याकडे आले. नेहमीसारखं गोड बोलणं. "कशाला ताणता? आमचे अशील मागितलेली सगळी रक्कम द्यायला तयार आहेत. एकरकमी. तुम्ही अर्ज मागे घ्या, आणि गैरसमजातून झालं, तक्रार राहिली नाही, एवढं लिहून द्या."

भाऊ त्या दिवशी आला होता. त्याचा चेहरा कांद्याला भाव आल्यावर होतो तसा झाला. मला बाजूला ओढून म्हणाला, "ताई, सगळी देतोय! एक रुपया कमी नाही! घे अन् चल घरी."

"अन् हाताचं काय लिहायचं?"

"काय लिहायचंय हाताचं? गैरसमज झाला म्हणायचं."

"म्हणजे मी परत स्टुलावर चढायचं?"



मी वकीलबाईंना विचारलं. त्यांनी काटकोनात उत्तर दिलं. निकाल आपल्या बाजूने लागेल याची खात्री नाही. लागला तरी मागितलेली रक्कम पूर्ण मिळते असं नाही, बहुधा कमीच मिळते. हे घेतलं तर पैसे हातात आहेत. "निर्णय तुमचा, ताई."

तिथे चहाची टपरी आहे, तिच्याजवळ मी उभी राहिले. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला पैशांचा मोह झाला. गच्चीवरची खोली उन्हाळ्यात भट्टी होते. मी डोळ्यांसमोर एक कूलर आणला, मग एक खोली-स्वयंपाकघर आणलं, त्याला खिडकीही लावली. आणि मग मी ते लिहून द्यायचं वाक्य मनात म्हणून बघितलं. 'गैरसमजातून.' एवढी वर्षं मी त्याच्यासाठी फुकट गोष्टी रचल्या; ही शेवटची तो विकत मागत होता. आणि पहिल्यांदाच भाव चांगला देत होता, एवढं मान्य करायला हवं.

"नाही देत लिहून," मी वकीलबाईंना सांगितलं. "निकाल लागू दे. काय लागेल तो."

भावाने कपाळावर हात मारला. पण बसस्टँडपर्यंत माझी पिशवी त्यानेच उचलली.

*

निकालाच्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेतली होती. निकाल वाचला गेला तेव्हा मला अर्धा कळलाच नाही, कान गरम झाले होते. सामनेवाला आलाच नव्हता. वकीलबाईंनी प्रत हातात आली तशी बोटाने ओळी शोधल्या आणि एका ठिकाणी बोट थांबवलं.

"वाचा."

मी चष्मा काढला, पुसला, लावला. लिहिलं होतं की अर्जदाराचा उजवा हात सामनेवाल्याने पिळल्यामुळे मोडला, हे सिद्ध होतं. दुखापतीबद्दल तिने पूर्वी दिलेलं कारण सामनेवाल्याच्या दबावाखाली दिलेलं दिसतं. त्याखाली भरपाईचा आकडा होता, मागितल्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, आणि तो हप्त्यांत.

"अपील करतील ते," वकीलबाई म्हणाल्या.

"करू द्या."

"करतीलच." मग त्यांनी कागद काटकोनात लावले, आणि मला वाटतं त्या हसल्या, उन्हाकडे तोंड होतं, नक्की सांगता येणार नाही.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन भावाला फोन लावला. तो मार्केट यार्डात होता. पलीकडे लिलावाची बोली, ट्रॅक्टरचे आवाज, कुणीतरी कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होतं.

"काय झालं?"

"लागला निकाल."

"काय?"

"निकाल लागला! आपल्या बाजूनं!"

"अगं ऐकू नाय येत! काय लिहिलंय?"

पायऱ्यांवर गर्दी होती. काळे कोट, तारखांना आलेली माणसं, कडेवर पोर घेतलेल्या दोन-तीन बाया, झेरॉक्सच्या रांगेतले लोक. बालवाडीतल्या बाईचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. मी तो लावला.

"माझा हात त्यानं मोडला! असं कोर्टानं लिहिलंय!"

झेरॉक्सची अख्खी रांग वळली. एक वकील जाता जाता थांबले. पोर घेतलेली एक बाई माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी फोन कानाला धरून उभी होते. लाजेने मेल्यासारखं होईल असं वाटलं होतं, पण नुसतं मोकळं वाटत होतं, आणि भूक लागली होती.



"आलं ऐकू," भाऊ म्हणाला. मग फोन तोंडापासून लांब गेला असावा, कारण पुढचं तो मला सांगत नव्हता, शेजारच्या कुणाला तरी सांगत होता, तेवढ्याच मोठ्यानं. "माझी बहीण हाय नाशिकची. नवऱ्यानं हात मोडला होता तिचा. कोर्टानं लिहून दिलं आज."

"काय म्हणतोस!" कुणीतरी म्हणालं.

"तर!" भाऊ म्हणाला.

ती बाई कडेवरच्या पोराला सावरत माझ्याजवळ आली आणि हळूच विचारलं, "ताई, तुमचा वकील कोण?"

मी तिला आत घेऊन गेले.